शोधणाऱ्यास काय दिसावें?

घरांत वस्तु आहे, पण ऐन वेळीं ती हातीं लागत नाहीं, तर ती असून नसल्यासारखीच. जुन्या गृहिणींनीं फडताळांतील डब्यांना आणि कोठीच्या खोलींतील मडक्यांना ठराविक जागा नेमून दिल्या, त्या केवळ टापटिपीच्या हौसेनें नव्हे. अंधारांत हात घातला तरी हवें तेंच हातीं यावें, एवढाच त्यांतील हेतु. ज्ञानाचेंहि तसेंच आहे. एखादी गोष्ट उत्तम रीतीनें लिहून ठेविली, पण शोधणाऱ्यास तिचा माग लागला नाहीं, तर लिहिणाऱ्याचे श्रम आणि वाचणाऱ्याची निकड यांची गांठच पडत नाहीं.

संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या आज्ञावलीबरोबर तिची एक मदत-पुस्तिका असते. तिला हेल्प फाइल हें इंग्रजी नांव मराठींतहि रुळलें आहे. तिचीं पानें कधीं शेंकड्यांनीं, कधीं हजारांनीं मोजावीं लागतात. कादंबरीप्रमाणें ती आरंभापासून कोणी वाचीत नाहीं. काम अडलें म्हणजेच तिची आठवण होते. मग मनुष्य शोधाच्या चौकटींत दोन शब्द लिहितो, कळ दाबतो आणि समोर पानांची एक यादी उमटते. ही यादी यंत्रानें आपोआप केली, असें त्यास वाटतें. वस्तुतः कोणतें पान यादींत यावें, कोणतें येऊं नये आणि कोणतें अग्रभागीं असावें, याचा निर्णय कोणीतरी आधींच करून ठेविलेला असतो. आणि कोणीच केला नसेल, तर न केल्याचें फळहि शोधणाऱ्यालाच भोगावें लागतें. हा निर्णय कसा होत आला आणि तो कोणत्या कसोटीवर व्हावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या निर्णयाचा इतिहास संगणकाच्या पडद्यापेक्षां जुना आहे. छापील ग्रंथाच्या अखेरीस असणारी शब्दसूचि करणारा मनुष्य हेंच काम करीत असे. तें यंत्राकडून करून घेण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेंत आयबीएम या कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं १९५८ च्या सुमारास केला. लेखांच्या शीर्षकांतील प्रत्येक महत्त्वाचा शब्द वेगळा काढून, त्याच्या आजूबाजूच्या शब्दांसह, वर्णानुक्रमानें मांडावयाचा, ही त्यांची रीति. तींत अर्थातच एक अडचण होती. इंग्रजींतील 'ऑफ', 'द', 'अँड' असले शब्दहि यंत्र भक्तिभावानें मांडूं लागलें, तर सूचि फुगून निरुपयोगी व्हावयाची. म्हणून अशा शब्दांची एक यादी करून ते वगळण्याची पद्धति पडली. शोधाच्या शास्त्रांत निवड ही अशी पहिल्याच पावलाला आली: कांहीं मिळावें म्हणून कांहीं वगळावें लागतें.

१९७१ सालीं यूनिक्स या प्रणालीच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ति निघाली. पुढें तिच्या आवृत्त्यांना लून यांच्या धर्तीवरची सूचि जोडली जाऊं लागली. याच प्रणालींत 'ॲप्रपो' नांवाची एक आज्ञा आहे. तिला शब्द दिला कीं त्या विषयावरचीं पानें ती दाखविते. परंतु ती संपूर्ण पान वाचीत नाहीं. पानाच्या माथ्यावरील नांव आणि एका ओळीचें वर्णन एवढेंच पाहते. पानाच्या पोटांत कितीहि मोलाची माहिती असो, त्या एका ओळींत नेमका शब्द आला नाहीं, तर शोधणाऱ्यापुरतें तें पान जन्मलेंच नाहीं. एका ओळीवर एवढा भार पडतो. पण ती लिहिण्यास पुष्कळदां सर्वांत कमी वेळ दिला जातो!

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीची तिसरी आवृत्ति १९९० सालीं निघाली. तिच्याबरोबर आलेल्या मदतीच्या यंत्रणेंत तर सारी सत्ता लेखकाच्या हातीं होती. लेखक प्रत्येक पानाला तळटिपा जोडीत असे. एक टीप पानाच्या ओळखीची, एक शीर्षकाची, आणि इंग्रजी 'के' या अक्षराची टीप शोधशब्दांची. ज्या पानाला 'के' ची टीप नाहीं, तें शोधशब्दांच्या यादींतून मिळावयाचें नाहीं, इतका सरळ हिशेब होता. पान लपवावयाचें असेल तर टीप देऊं नये. दाखवावयाचें असेल तर द्यावी. या व्यवस्थेंत शिस्त होती, पण तींत भरंवसा एकाच माणसाच्या दूरदृष्टीवर होता. लेखकाला न सुचलेला शब्द वाचकाला सुचला, कीं दार बंद.

म्हणून १९९५ च्या विंडोजमध्यें संपूर्ण मजकुरांत शोध घेण्याची सोय आली. तिचा पहिल्यानें उपयोग करणाऱ्यास यंत्र आधीं एक प्रश्न विचारीत असे: शब्दांची यादी लहान करावयाची, कीं शोध जास्तींत जास्त व्यापक करावयाचा? मदत घेण्यास आलेल्या मनुष्यानेंच मदतीची घडण ठरवावी, असा हा विलक्षण प्रकार होता. १९९७ मध्यें याच कंपनीची नवी पद्धति निघाली. तींत अनुक्रम, सूचि व शोध असे तीन मार्ग शेजारीं शेजारीं मांडलेले असत. शब्द पानांत कोठेंहि असो, पान यादींत येणार, ही सोय आतां सार्वत्रिक झाली.

मात्र दुष्काळ संपला तो महापूर येऊन. मदत-पुस्तिकेंतील सर्व पानें एका जातीचीं नसतात. कांहीं पानें एखादें कार्य पायरीपायरीनें शिकवितात. तीं स्वयंपूर्ण असतात. कांहीं केवळ एका शब्दाची दोन ओळींची व्याख्या असतात. कांहीं, पडद्यावरील एखाद्या चौकटींत मदतीची कळ दाबली असतां उघडावयाचीं असतात. तीं त्या चौकटीवांचून वाचलीं तर अधांतरीं वाटतात. कांहीं मजकूर तर निरनिराळ्या पानांत जोडण्यासाठींच तुकड्यातुकड्यांनीं लिहिलेला असतो. आतां कोणी 'छपाई' हा शब्द शोधला, तर व्याख्या, तुकडे, चौकटींचीं वर्णनें आणि मागील आवृत्तीचीं शिळीं पानें यांच्या गर्दींत, कागद अडकल्यास काय करावें हें सांगणारें एकुलतें एक पान पार तळाशीं जाऊन बसतें. तें यादींत असतें खरें. पण तेथवर पोंचण्याचा धीर अडलेल्या माणसापाशीं नसतो.

यावरचा पहिला उपाय पान वगळण्याचा. २००५ सालीं ओॲसिस या संस्थेनें प्रमाण म्हणून स्वीकारलेली डिटा नांवाची एक लेखनपद्धति आहे. तींत पुस्तिकेच्या आराखड्यांत ज्या ठिकाणीं पानाचा उल्लेख येतो, तेथेंच हें पान शोधांत घ्यावें किंवा घेऊं नये, अशी खूण करण्याची तजवीज आहे. अशी खूण केल्यानें पान नाहींसें होत नाहीं. दुसऱ्या पानांतील दुव्यावरून तें उघडतें; चौकटींतील मदतीची कळ त्याला बोलावूं शकते; केवळ शोधाच्या यादींत तें येत नाहीं. अर्थात् खूण पाळणें हें पुस्तिका तयार करणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असतें. म्हणून खूण करून निश्चिंत न होतां, तयार पुस्तिकेंत स्वतः शोध घेऊन पाहणें अगत्याचें असतें.

दुसरा उपाय शब्द वगळण्याचा. लून यांच्या काळापासून चालत आलेली वर्ज्य शब्दांची यादी आजहि वापरांत आहे. पण ती डोळे मिटून वापरली तर अनर्थ होतो. एक्सेल या हिशेबतक्त्याच्या आज्ञावलींत 'इफ', 'अँड', 'ऑर' आणि 'नॉट' हीं चार महत्त्वाचीं सूत्रें आहेत. सामान्य इंग्रजी गद्यांत हे शब्द निव्वळ सांधे जोडणारे. येथें मात्र तेच विषय आहेत. ठरीव वर्ज्य यादी लाविली, तर या सूत्रांविषयीं विचारणाऱ्यास मदत-पुस्तिका कोरें उत्तर देईल. 'सी' आणि 'आर' या तर एकेका अक्षराच्या नांवांच्या संगणकभाषा आहेत. एकाक्षरी शब्द टाकून द्यावेत, हा नियम त्यांच्या अभ्यासकांना घराबाहेर काढील. शब्द हलका कीं भारी, हें शब्दाच्या अंगीं नसतें. तें त्या त्या ग्रंथावर अवलंबून असतें. केंब्रिज येथील विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ सालीं हेंच तत्त्व गणिती रूपानें मांडलें: जो शब्द थोड्या लेखांत आढळतो त्याला अधिक वजन द्यावें, जो सर्वत्र आढळतो त्याला कमी. छपाईच्या आज्ञावलीच्या पुस्तिकेंत 'छपाई' हा शब्द पानोपानीं असावयाचाच. तो निवडीच्या कामीं फारसा येत नाहीं. 'अडकणें' हा एकच शब्द तेथें खरी वाट दाखवितो.

परंतु वगळणें आणि वजन देणें या दोन्ही उपायांनीं न सुटणारी एक गांठ राहते. आणि शोधणाऱ्याचें खरें नुकसान होतें तें तेथेंच. समजा, एखाद्या कचेरींतील कारकुनानें महिन्याअखेरीस पगारपत्रकावर चुकून दुसराच मजकूर उतरविला आणि फाइल जतन केली. जुनें पत्रक परत मिळविण्याची सोय आज्ञावलींत आहे. त्यावर पानहि आहे. पण त्याचें शीर्षक आहे 'पूर्वावृत्तीचें पुनःस्थापन'. बिचारा कारकून चौकटींत लिहितो, 'जुनी फाइल परत आणणें'. यादी रिकामी येते. तो समजतो, सोयच नाहीं. आणि रात्र जागून सारें पत्रक पुन्हां लिहून काढतो. येथें पान होतें, सोय होती, यंत्रहि शाबूत होतें. नव्हता तो केवळ दोन माणसांचा एक शब्द.

ही अडचण किती मोठी आहे, हें मापून पाहिलें गेलें आहे. बेल कम्युनिकेशन्स रिसर्च या अमेरिकन संस्थेंतील फर्नास, लँडॉअर, गोमेझ व ड्यूमे या चार संशोधकांचा एक निबंध १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. मजकुरांतील दुरुस्त्यांना क्रियापदें, पाककृतींना सूचक शब्द, विक्रीच्या वस्तूंना वर्ग, असे नाना प्रकारचे विषय देऊन त्यांनीं लोकांना नांवें सुचविण्यास सांगितलें. एकाच गोष्टीला दोन माणसांनीं स्वतंत्रपणें एकच नांव देण्याचा संभव शेंकडा २० हूनहि कमी भरला. म्हणजे लेखकानें कितीहि विचारानें एकच शब्द निवडला, तरी पांचांपैकीं चार वेळां वाचक दुसराच शब्द घेऊन येणार. त्या संशोधकांनीं सुचविलेला उपायहि साधा आहे: एका गोष्टीला एकच अधिकृत नांव ठेवून न थांबतां, लोक वापरतात तीं शक्य तितकीं सर्व नांवें तिच्याकडे वळवावीं. शीर्षकांत 'पुनःस्थापन' खुशाल असावें. पण 'परत आणणें', 'परत मिळविणें', 'जुनी प्रत', 'चुकून पुसलें', 'रिस्टोअर' हे सारे शब्द वाचकास न दिसतां त्या पानाशीं बांधलेले असावेत.

मराठींत ही गोष्ट विशेषच महत्त्वाची आहे. मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वीं त्याचें सामान्यरूप होतें; 'कागद' शोधणाऱ्यास 'कागदावर', 'कागदाचा', 'कागदांना' हीं रूपें असलेलीं पानेंहि मिळालीं पाहिजेत, आणि निव्वळ अक्षरें जुळविणाऱ्या यंत्राला 'पाणी' व 'पाण्यांत' यांचें नातें कळत नाहीं. कोणी 'फाइल' लिहितो, कोणी 'फाईल'. अनेकवचन करतांना कोणी 'फाइली' म्हणतो, कोणी 'फायली'. याहून चमत्कारिक प्रकार 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतील अर्ध्या रकाराचा आहे. हा रकार संगणकांत दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनीं लिहितां येतो. पडद्यावर दोहोंची आकृति एकच, परंतु यंत्राच्या लेखीं ते दोन वेगळे शब्द. दोन्ही क्रम एक मानण्याची व्यवस्था केली नाहीं, तर डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसणारा शब्दहि सांपडत नाहीं, आणि वाचकाला आपलें काय चुकलें हें कधींच कळत नाहीं.

शब्द वाढवीत जावें तर पानेंहि वाढत जातात, आणि पुन्हां महापूर. या ओढाताणीचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्यें क्रॅनफील्ड येथील विमानविद्येच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनीं १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील दशकभर केला. हवे असलेल्या लेखांपैकीं किती हातीं आले, हें एक माप. आणि हातीं आलेल्यांपैकीं किती खरोखर हवे होते, हें दुसरें. सामान्यतः एक वाढलें कीं दुसरें घटतें, असें त्यांना आढळून आलें. त्यांच्या प्रयोगांचा दुसरा निष्कर्ष पुष्कळ ग्रंथपालांना अनपेक्षित वाटला: विद्वानांनीं मोठ्या खटपटीनें रचलेल्या सांकेतिक परिभाषांपेक्षां लेखांतील साधे सुटे शब्दच शोधाच्या कामीं सरस ठरले. परिभाषा ही नेमकेपणासाठीं अवश्य असते. पण दार ठोठावणारा मनुष्य बहुधा बोलभाषेंतच हांक मारतो.

मग वगळावें किती आणि दाखवावें किती, याची कसोटी कोणती? ती आपल्याच देशांतील एका ग्रंथपालानें घालून दिलेल्या तत्त्वांतून मिळते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. त्यांपैकीं तिसऱ्याचा आशय असा, कीं प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे. चौथ्याचा असा, कीं वाचकाचा वेळ वांचला पाहिजे. मदत-पुस्तिकेंतील शोधाचा सारा प्रश्न या दोन नियमांच्या मध्यें उभा आहे. तिसरा नियम सांगतो, एकहि पान निराधार राहूं देऊं नये. चौथा सांगतो, गर्दी करूं नये. दोहोंचा मेळ घालणारा नियम असा सांगतां येईल: जें पान वगळावयाचें, त्यांतील माहिती शोधांत येणाऱ्या दुसऱ्या एखाद्या पानावरून मिळत असली पाहिजे. व्याख्येचा तुकडा वगळावा, कारण ती व्याख्या मुख्य पानांत आहे. चौकटीचें वर्णन वगळावें, कारण तें कार्य शिकविणारें पान वेगळें आहे. पण जी गोष्ट दुसरीकडे कोठेंच सांगितलेली नाहीं, तें पान वगळणें म्हणजे नीटनेटकेपणा नव्हे. तें माहिती दडविणें होय.

हें निक्षून सांगण्याचें कारण असें, कीं दडविण्याचा मोह निर्माण होण्यासारखीं पानें प्रत्येक पुस्तिकेंत असतात. वर्गणी बंद कशी करावी, आज्ञावली संगणकावरून काढून कशी टाकावी, आपली माहिती दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलींत कशी न्यावी, कोणते दोष अजून दुरुस्त व्हावयाचे आहेत, हीं तीं पानें. तीं लिहिलेलीं असतात. विचारल्यास दाखवितांहि येतात. फक्त शोधांत न येण्याची एक लहानशी खूण केली, कीं काम भागतें आणि कोणास खोटें बोलल्याचा दोषहि लागत नाहीं. परंतु शोधणारा मनुष्य पुस्तिकेशीं विश्वासानें बोलत असतो. रिकामी यादी त्याच्या लेखीं 'नाहीं' असें उत्तर असतें. असलेल्या गोष्टीला 'नाहीं' म्हणविणारी खूण ही शब्दांवांचून केलेली फसवणूक ठरते.

मोह टाळणें आणि चुका सुधारणें या दोहोंसाठीं दोन साध्या संवयी पुरेशा आहेत. पहिली, वगळलेल्या पानांची यादी ठेवून प्रत्येकासमोर कारण लिहावें, आणि ती यादी आज्ञावलीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हां वाचावी. ज्या कारणाची उघडपणें नोंद करण्यास लेखणी कचरते, तें कारण सहसा योग्य नसतें. दुसरी संवय, जे शब्द शोधून वाचकांना कांहींच मिळालें नाहीं, त्यांची नोंद शक्य तेथें माणसांचीं नांवें न टिपतां ठेवावी आणि ती नियमानें पाहावी. लेखकाला इतका निःस्पृह टीकाकार दुसरा मिळणार नाहीं. लोक गोष्टींना काय म्हणतात, कोठें अडतात आणि कोणतें पान अजून लिहिलेंच गेलें नाहीं, हें तिच्यांत लोकांच्याच शब्दांत लिहिलेलें असतें.

अलीकडे या प्रश्नाला एक नवें अंग आलें आहे. यादी दाखविण्याऐवजीं मदतीच्या पानांतून मजकूर निवडून सरळ वाक्यांत उत्तर देणारीं यंत्रें आतां वापरांत आलीं आहेत. पण तीं तरी पानें आधीं शोधूनच घेतात. शिळें पान शोधांत राहिलें, तर त्यांतील चूक आतां अस्खलित वाक्यांतून आणि मोठ्या आत्मविश्वासानें ऐकूं येते. आणि खरें पान वगळलें गेलें असेल, तर यंत्र त्याच्याविषयीं गप्प बसतें किंवा भलतेंच सांगतें. पूर्वीं यादी पाहून वाचक निदान स्वतः निवड करी. आतां ती निवडहि त्याच्या नजरेआड होते. त्यामुळें काय दिसावें हें ठरविणाऱ्याची जबाबदारी कमी न होतां उलट वाढली आहे.

मदत-पुस्तिकेच्या लेखकाचें नांव बहुधा कोणास ठाऊक नसतें. त्याच्या गद्याची कोणी वाखाणणी करीत नाहीं. काम झालें कीं वाचक पुस्तिका मिटून आपल्या उद्योगाला लागतो. तेंच तिचें यश. तें यश केवळ चांगलें लिहिण्यानें मिळत नाहीं. कोणतें पान पुढें करावें, कोणतें मागें ठेवावें आणि कोणाच्या शब्दाला कोणतें दार उघडावें, याचा विचार वाचकाच्या बाजूस उभें राहून झाला असेल, तरच मध्यरात्रीं एकटा बसलेला तो कारकून पत्रक पुन्हां लिहिण्यापूर्वीं योग्य पानावर पोंचेल.